झोपून उठलेल्याला खूण विचारावी

एक होतं गाव, आणि त्या गावात होता एक भोळा. नाव हरबा. अंगानं धट्टाकट्टा, मनानं साधा आणि कामाला वाघ. सांगितलेलं काम हरबानं केलं नाही, असं कधी झालं नाही. भानगड एवढीच होती, की सांगितलेलं त्याच्या डोक्यात मुरायला एक दिवस लागायचा. आज सांगितलेलं तो उद्या करायचा, आणि उद्या समोर भलतंच काहीतरी असायचं.

एकदा आई म्हणाली, "अरं, दूध उतू चाललं की फुंकर मारावी." दुसऱ्या दिवशी ओढ्याला पूर आला. हरबा काठावर उकिडवा बसून फुंकर मारत होता.

"काय करतोयस रं?"

"तूच म्हनालीस की!"

"आरं, ते दुधाला!"

"बरं. ध्यानात ठेवतो."

आणि तो खरंच ध्यानात ठेवायचा. त्याचीच तर सगळ्यांना भीती होती.

गावाबाहेर आण्णांचं मंगल कार्यालय होतं. आण्णा तापट, पण मनानं मोकळे. कार्यालयाच्या ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर होता. त्याच्यावर सनई वाजायची, मंगलाष्टकं लागायची आणि फाटकावरच्या मोठ्या पडद्यावर नवरानवरीचा फोटो झळकायचा. मशीन इतकं जुनं, की सुरू केलं की धापा टाकायचं. म्हणून आण्णांच्या सुनेनं, शीतलवहिनीनं, त्यात लिनक्स नावाची वेगळी सिस्टीम टाकली. "हलकं असतं आणि फुकट मिळतं," ती म्हणाली. आण्णांना त्यातलं 'फुकट' तेवढं कळलं.

आता कॉम्प्युटरपाशी बसायला भरवशाचा माणूस हवा होता. हरबाच्या आईनं आण्णांचे पाय धरले, आणि हरबा तिथं चिकटला.

पाय धरायचं कारण म्हणजे हरबाचं लग्न. त्याला कुणी पोरगी देत नव्हतं. आता आई छाती पुढं काढून सांगू लागली, "पोरगा कॉम्प्युटरवर हाय." तेवढ्यावर शेजारच्या गावातून स्थळ आलं. आईनं हरबाला बजावलं, "गेल्यावर नमस्कार कर. पोहं खा. इचारल्याबिगर बोलू नगं." हे तिनं आदल्या दिवशीच सांगितलं. आई शहाणी होती.

त्यामुळं बघण्याचा कार्यक्रम बिनबोभाट पार पडला. हरबानं नमस्कार केला. पोहे खाल्ले. बोलला नाही. बशी उचलताना सुगंधानं हळूच विचारलं, "आनखी देऊ?" आणि ती हसली. पोरगी हरबाला फार आवडली. इतकी, की एकाच पायात चप्पल घालून तो घरापर्यंत आला.

सुगंधाचे वडील हिंदुराव रोखठोक माणूस. ते म्हणाले, "पोरगा बरा दिसतोय. पर नोकरी अक्षता पडंस्तवर टिकली पायजे. मधीच सुटली, तर सोयरीक मोडली म्हनून समजा."

झालं. हरबाचा सगळा संसार त्या एका जुन्या कॉम्प्युटरवर येऊन बसला.

लोक सांगतात, की हरबानं कॉम्प्युटरला झोप यावी म्हणून अंगाई म्हटली आणि अंगावर गोधडी घातली. साफ खोटं. तेवढा तो वेडा नव्हता. घडलं ते असं.

पहिलंच लग्न होतं. वरात फाटकाशी यायच्या बेतात होती. सनई वाजत होती. आणि एकाएकी सनई थांबली. ऑफिसातला पडदा काळा, फाटकावरचा पडदा काळा. हरबानं कॉम्प्युटरला दोन हाका मारल्या. उत्तर नाही.

"गेला," हरबा म्हणाला. त्याला फार वाईट वाटलं.

आदल्याच दिवशी आळीतले एक म्हातारबाबा वारले होते, तेव्हा आईनं सांगितलं होतं, "मानूस गेलं की हार घालावा, उदबत्ती लावावी, हात जोडावंत." लग्नघरात हारांना काय तोटा? हरबानं त्यातला चांगला जाडजूड हार घेतला, शिडी लावली, आणि फाटकावरच्या पडद्याला घातला. खाली उदबत्त्यांचा पुडा लावला. हात जोडून उभा राहिला.

तिकडं वहिनी ऑफिसात धावली आणि तिनं माऊस जरासा हलवला. पडदा लख्ख उजळला. नवरा आणि नवरी, दोघं हसताहेत, फोटोला हार, समोर उदबत्त्यांचा धूर, आणि त्याच वेळी वरात फाटकात. नवरदेवाची आजी होती तिथंच मटकन खाली बसली.

"हरबाभाऊ!" वहिनी कळवळून म्हणाली, "तो मेला नव्हता, झोपला होता. बराच वेळ कुणी हात लावला नाही की तो आपोआप झोपतो, वीज वाचवायला. गेला म्हणायच्या आधी जरा हलवून बघायचं असतं."

"बरं. ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी आण्णा दुपारी जेवून ऑफिसातल्या बाकावर कलंडले. डोळा लागतो न लागतो तोच कुणीतरी खांदा धरून गदागदा हलवलं.

"काय रं?"

"काय न्हाई. पडा."

आण्णा पडले. पुन्हा डोळा लागला. पुन्हा गदागदा.

"आरं, काय हाय काय तुझं?"

"हाईसा का गेलासा, ते बघत हुतो. वहिनीच म्हनाल्या की!"

"आरं, ते त्या डब्याला सांगितलं हुतं!" आण्णा ओरडले. "माणसं गप पडली की हलवायचं नसतं. दिवा मालवावा, दार ओढून घ्यावं आन् पाय न वाजवता निघून जावं!"

"बरं. ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी कार्यालयात एका माजी सभापतींचा सत्कार होता. शाल झाली, नारळ झाला, आणि सभापती बोलायला उभे राहिले. ते बोलत राहिले. हरबा दारात उभा राहून बघत होता. लोक हलत नव्हते. पुढच्या रांगेतले तर पापणीही हलवत नव्हते. हरबानं आणखी थोडा वेळ वाट बघितली. मग त्यानं मेन स्विच बंद केला, दोन्ही दारं ओढून घेतली, बाहेरून कडी लावली, आणि चपला हातात घेऊन घरी जेवायला गेला.

आत मिट्ट काळोख. पंखे बंद. लोक घामाघूम होऊन दारं बडवू लागले. भाषण मात्र चालूच होतं. त्याला वीज लागत नव्हती.

आण्णांनी हरबाला बखोटीला धरून आणलं. "आजपासनं तुझा आन् माझा रामराम!"

"आण्णा," वहिनी मध्ये पडली, "तुम्ही सांगितलंत तेच त्यांनी केलं."

हे खरं होतं, म्हणून आण्णा आणखीच चिडले. "कार्यक्रम चालू असताना कुनालाबी झोपू द्यायचं न्हाई! कळलं?"

"मीही कॉम्प्युटरला तेच सेटिंग लावते," वहिनी म्हणाली. "म्हणजे मंगलाष्टकं चालू असताना तो झोपायचा नाही."

"बरं," हरबा म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी बारसं होतं. पाळणा फुलांनी सजवलेला. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी पाळणा म्हणायला घेतला, बाळानं जांभई दिली आणि डोळे मिटले. हरबानं कानाशी थाळी वाजवली.

बाळानं टाहो फोडला. बायकांनी आणखी गोड सूर लावला. बाळ हुंदके देत देत पुन्हा पेंगलं. हरबानं पुन्हा थाळी वाजवली.

"आरं मुडद्या, बारसं हाय ह्ये!" बाळाची आजी कडाडली.

"म्हनूनच की. कार्यक्रम चालू हाय."

मग भिंतीपाशी एक म्हाताऱ्या काकू डुलक्या घेत होत्या, त्यांच्याही कानाशी त्यानं थाळी वाजवली. आजीनं वाटायला आणलेल्या घुगऱ्यांची पातेली उचलली आणि हरबाच्या डोक्यावर पालथी केली. केसांतले हरभरे काढत बसलेल्या लेकाकडं बघून आईला रडावं का हसावं कळेना.

त्याच संध्याकाळी वेगळीच गंमत झाली. कार्यालय रिकामं होतं, कॉम्प्युटर गुमान झोपला होता. रस्त्यानं कुणाची तरी मिरवणूक डीजे लावून चालली. त्याच्या दणक्यानं टेबल थरथरलं, टेबलावरचा माऊस सरकला, कॉम्प्युटर जागा झाला आणि अर्धवट राहिलेलं मंगलाष्टक मोठ्यानं सुरू झालं. आण्णा पळत आले. आत बघतात तर दोन म्हाताऱ्या कधीच्या खुर्च्या धरून बसल्या होत्या आणि जेवायला कधी वाढणार म्हणून विचारत होत्या.

वहिनीनं पुन्हा सेटिंग उघडलं. माऊसनं जागं व्हायचं बंद केलं. "आता कुणी कितीही हलवू दे," ती म्हणाली, "उठायचं नाही. बटण दाबलं, तरच उठायचं."

हरबा मागं उभा होता. त्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर वऱ्हाडाच्या दोन गाड्या, आचाऱ्याचा टेंपो आणि बँडवाले ताटकळत उभे. फाटकाला कुलूप. किल्ल्या हरबाच्या कमरेला, आणि हरबा आत स्टेजवर आडवा. आण्णा मागचं कुंपण चढून आत उतरले. धोतराचा सोगा तारेतच राहिला.

"हरबा! ऊठ!" आण्णांनी त्याला हलवला. हरबा हलला, पण उठला नाही. आण्णांनी त्याला उलटा केला. हरबा उलटा पडून राहिला. त्याचा एक डोळा उघडा होता.

"आरं, जागा हाईस की रं तू!"

"हाय की."

"मग ऊठ की!"

"बटन दाबल्याबिगर उठायचं न्हाई. वहिनीच म्हनाल्या की!"

आण्णांनी कपाळ बडवून घेतलं. बाहेर बँडवाल्यांनी कंटाळून वाजवायला सुरुवात केली होती. शेवटी आण्णा लंगडत ऑफिसाच्या दाराशी गेले आणि दारावरची बेल दाबली. हरबा ताडकन उठला. "आलो, आलो!" म्हणत किल्ल्या वाजवत फाटकाकडं पळाला.

त्या दिवशी आण्णांनी त्याला खरंच काढलं असतं. पण हरबाच्या लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि खाली 'आपले नम्र' म्हणून पहिलंच नाव आण्णांचं होतं. "अक्षता पडंस्तवर ठेवतो," ते म्हणाले. "पर त्याच्या आत येक जरी घोटाळा झाला, तर तिथल्या तिथं बाहेर."

हरबा घाबरला. त्याला नोकरीचं काही वाटत नव्हतं. पण नोकरी गेली की सुगंधा गेली, आणि मग 'आनखी देऊ' म्हणून कोण विचारणार? त्या दिवशी त्याला भाकरी गेली नाही. हळदीपर्यंत तो कॉम्प्युटरपाशी हाताची घडी घालून बसला आणि कशालाही हात लावला नाही. त्यामुळं सगळं सुरळीत चाललं.

हळदीच्या दिवशी हरबा घरी होता, आणि कार्यालयात दुसऱ्याच एका लग्नात घोळ झाला. ऑफिसात कुणी नाही बघून कुणीतरी झोपलेला कॉम्प्युटर उठवला आणि फाटकावरच्या पडद्यावर नवरदेवाच्या जागी शर्यतीच्या बैलाचा फोटो लावला. नवरीच्या मामाला तोच जास्त पसंत पडला. वहिनीनं तातडीनं आणखी एक सेटिंग लावलं आणि हळद लागलेल्या हरबाला समजावलं.

"आता झोपून उठला की तो आधी पासवर्ड विचारेल. पासवर्ड म्हणजे ओळखीची खूण. खूण पटली तरच आत. तीनदा चुकली, तर थोडा वेळ दार बंद."

"बरं."

"आणि खूण चार माणसांत बोलायची नाही. फुटली तर ताबडतोब बदलायची."

"आन् बदललेली इसरलो तर?"

"मग काही इलाज नाही," वहिनी म्हणाली. "सगळं पुसून पहिल्यापासून करावं लागतं."

"बरं," हरबा म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी आण्णांच्याच कार्यालयात हरबाचं लग्न छान झालं. सनई एकदाही अडखळली नाही. कॉम्प्युटर झोपला नाही, नको तेव्हा उठला नाही. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. आण्णांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. हिंदुरावांनी जावयाला पोटाशी धरलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते त्या दुपारी सगळ्यांनाच कळलं.

दिवस कलताना वरात जीपमधून हरबाच्या घराकडं निघाली. हिंदुराव पोरीला पोचवायला बरोबर होते, आण्णा आणि वहिनीही होते. सुगंधा पहाटेपासून उभी होती. जीप फाटकाबाहेर पडली आणि तिला झोप लागली. घर आलं तेव्हा आईनं तिला हाक मारली. सुगंधा जागी झाली, पदर सावरून उतरली, आणि हरबाच्या शेजारी दारात उभी राहिली.

हरबा तिच्याकडं बघत होता. झोपून उठलेली. दारात उभी. आत यायचंय.

उंबऱ्यावर तांदळाचं माप होतं. आतून हरबाची थोरली बहीण पारूअक्का दार अडवून उभी होती. "नाव घेतल्याबिगर आत सोडायची न्हाई."

हरबाला बहिणीचा अभिमान वाटला. हिला कुणी न सांगता कसं कळलं?

सुगंधानं मान खाली घातली, गालात हसली, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली,

"झोपल्या कॉम्प्युटरला उठवतो माऊस,
हरबारावांचं नाव घ्यायची मला भारी हौस!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हरबाचं तोंड मात्र उतरलं. माऊसचं वहिनींनी बंद केलं होतं, ते एक राहू दे. पण सगळ्या आळीनं ऐकलं की! त्यानं मापावरून उडी मारली, अक्काला बाजूला केलं आणि आतून दार लावून घेतलं.

"काय झालं रं?" बाहेरून आई.

"खूण फुटली!" आतून हरबा. "बदलतोय!"

थोड्या वेळानं दार बोटभर उघडलं. "हं. घे आता नाव."

"घ्येतलं की मगाशी!" सुगंधा म्हणाली.

"त्ये गेलं. नवं घे."

सुगंधानं त्याच्याकडं नीट बघितलं. "शंकरराव?"

"चुकलं."

"ज्ञानोबाराव?"

"चुकलं."

तिनं पदर तोंडात धरला. "म्हसोबाराव?"

"चुकलं. तीनदा झालं. जरा थांब आता." आणि दार बंद.

हिंदुराव पेटले. "अक्षता पडल्या म्हनून गप बसंन असं वाटलं का काय? पोरीला घिऊन चाललो माघारी! जीप वळव रं!" जीप वळू लागली. हरबाच्या आईनं डोक्याला हात लावला. सुगंधाच्या तोंडावरचं हसू गेलं.

"हरबा!" आई दारावर थापा मारत म्हणाली. "आरं लेकरा, काय ठेवलंस त्ये नाव तिच्या कानात तरी सांग. न्हाईतर चालली बघ ती!"

हे हरबाला पटलं. कानात सांगितलं तर फुटत नाही. तो बाहेर आला. सुगंधाच्या कानाशी वाकला. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"इसरलो," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कारण पुढं काय करायचं, ते त्याला ठाऊक होतं.

गर्दीतून वहिनी ओरडली, "हरबाभाऊ, ते कॉम्प्युटरसाठी होतं हो!" पण तोवर हरबानं मुंडावळ्या सोडल्या होत्या. रांजणातलं पाणी घेऊन त्यानं कपाळाचं कुंकू पुसलं, हातापायाची हळद धुतली. मग तो आळीच्या टोकापर्यंत चालत गेला, तिथून वळला, परत आला, आणि हिंदुरावांसमोर वाकला.

"नमस्कार. पोरगी बघायला आलोय."

हिंदुरावांचा आ उघडा तो उघडाच. सगळे सुगंधाकडं बघू लागले. आता ती जीपमध्ये चढणार, असंच सगळ्यांना वाटलं. ती हरबाकडं बघत होती. ओला चेहरा, जोडलेले हात, आणि डोळ्यांत खरीखुरी भीती. ती बघत राहिली, आणि मग वळून म्हणाली, "अक्का, पावणं आल्यात. पोहं करायला आत तरी सोडशीला का न्हाई?"

पारूअक्का मुकाट्यानं बाजूला झाली. सुगंधानं उजव्या पायानं माप ओलांडलं आणि ती घरात गेली. आईनं पदरानं डोळे पुसले. जीप बंद झाली.

ओट्यावर घोंगडं अंथरलं. हिंदुराव बसले, आण्णा बसले, हरबा मांडी घालून बसला. पोहे आले. हरबानं ते खाल्ले. विचारल्याशिवाय बोलला नाही. बशी उचलताना सुगंधा हळूच म्हणाली, "आनखी देऊ?" आणि हसली.

आता उरकून टाकलेलं बरं, म्हणून हिंदुरावांनी घसा खाकरला. "मग पावणं? पसंत हाय का पोरगी?"

हरबा कानापर्यंत लाल झाला. "लई पसंत हाय," तो म्हणाला. मग त्यानं बशी खाली ठेवली आणि हात जोडले. "पर जमायचं न्हाई, मामा. आजच दुपारी माझं लगीन झालंय."